कमी खर्चात, पण मनासारखं लग्न: बैठकीपासून नोंदणीपर्यंत

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न २०१७ साली एका मंगल कार्यालयात झालं. पाचशे पानं उठली. आठवड्याभराने कार्यालयाचं बिल आलं, ते ठरलेल्या रकमेपेक्षा ६२ हजारांनी जास्त होतं: विजेची युनिटं, जनरेटरचं डिझेल, साफसफाई आणि बाहेरचा मांडववाला आणला म्हणून ‘रॉयल्टी’. बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, ते फिटायला चार वर्षं लागली. त्या काळात ताई माहेरी आली आणि हप्त्याचा विषय निघाला, की ती गुपचूप उठून स्वयंपाकघरात जायची. ते मी विसरू शकत नाही.

माझं लग्न फेब्रुवारी २०२४ मध्ये वाईजवळ मामाच्या गावी, त्याच्या वाड्याच्या अंगणात झालं. माणसं २१०, खर्च सोनं सोडून ३ लाख २८ हजार, तोही दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा. तयारीच्या वेळी मी ताईच्या लग्नाची जुनी वही काढून बसले होते. तिच्या हौसेच्या गोष्टींवर फार थोडे पैसे गेलेले दिसले. बाकीचे गेले ते संकोचापायी. ‘कसं विचारायचं’, ‘नाही कसं म्हणायचं’, ‘बरं दिसत नाही’. म्हणून या लेखात जिथे जिथे तोंड उघडून विचारावं लागतं, त्या जागांवर मी जास्त थांबणार आहे.

१. आधी दोघं बसा, मग बैठक

कार्यालयं बघायला निघण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन-तीन गोष्टी लिहा, ज्या नसतील तर लग्न आपलं वाटणार नाही. माझ्या तीन होत्या: मंगलाष्टका आमच्या स्वतःच्या, जेवण पंगतीत, आणि आजीला एकही जिना चढावा लागू नये. नवऱ्याच्या कागदावर होतं: वरात नको, आईला लग्नाच्या दिवशी कामाला जुंपायचं नाही, आणि संध्याकाळी मित्रांबरोबर गाणी. पैसे आधी या सहा गोष्टींसाठी बाजूला काढले, उरले त्यात बाकीचं बसवलं.

मग एकूण आकडा ठरवा. तो आई-बाबांच्या बचतीकडे बघून ठरवू नका, कर्ज न काढता दोन्ही घरांना झेपेल एवढाच धरा. त्यातले दहा टक्के सुरुवातीलाच वेगळे ठेवा आणि त्यांना हात लावू नका. ते लागतातच.

आपल्याकडे बैठकीत ‘यादी’ करायची जुनी पद्धत आहे. ती चांगली पद्धत आहे, तिचा उपयोग करा. कोण कशाचा खर्च करणार, मानपानाच्या साड्या किती (आम्ही दोन्हीकडून फक्त आजी आणि आईला), आहेर घ्यायचा की नाही, हे सगळं कागदावर उतरवून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांसमोर वाचा. ‘ते बघू पुढे’ म्हणून सोडलेली प्रत्येक गोष्ट लग्नाच्या आदल्या आठवड्यात पैसे मागत उभी राहते. आणि मागणीचा सूर हुंड्याकडे वळला, मग तो ‘मुलीच्या हौसेसाठी’ या नावाने का असेना, तर तिथेच थांबा. १९६१ पासून तो कायद्याने गुन्हा आहे.

आपल्या घरच्यांशी ज्याने त्याने बोलायचं. माझ्या होणाऱ्या सासूबाईंना वरात नाही हे मी सांगितलं असतं तर ते वेगळं ऐकू आलं असतं.

२. माणसांची यादी

लग्नाचा खर्च माणसांवर चालतो. ताट, खुर्ची, पाणी, गाड्या लावायची जागा, मांडवाची लांबी, सगळं त्या एका आकड्याला बांधलेलं. आमची पहिली यादी ४६० जणांची होती. ती २१० वर आली. एका ताटाचे ४३० धरले तर नुसत्या जेवणात १ लाख ७ हजार ५०० वाचले.

नावं कमी करताना आम्ही एकच प्रश्न विचारला: गेल्या दोन वर्षांत या माणसाशी लग्नाकार्याबाहेर बोलणं झालंय का? भावकीचं काय, हा पुढचा प्रश्न तुमच्याही घरी येईल. आम्ही लग्नानंतर दोन्ही गावी सत्यनारायण ठेवला, चहा, शिरा आणि चिवडा, आणि भावकीला तिथे मनापासून बोलावलं. बाबांच्या ऑफिसातल्या लोकांकडे आम्ही दोघं पेढे घेऊन जाऊन आलो. कुणाला राग आला असेलही, पण दारात आलेल्या माणसावर तो फार टिकला नाही.

एक चूक जवळजवळ सगळ्यांची होते. पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ लिहायचं आणि मोजताना घर एक धरायचं. यादी डोक्यांची करा. प्रत्येक नावापुढे आकडा लिहा आणि फोन करून विचारा, ‘काकू, तुम्ही किती जण येताय? ताटांचा आकडा द्यायचाय.’ असं विचारलं की कुणी वाईट वाटून घेत नाही, उलट नीट सांगतात.

३. तारीख

रविवारी आलेल्या मुहूर्ताला कार्यालय, आचारी, फोटोवाला, गुरुजी, सगळेच महाग आणि घाईत असतात. आठवड्याच्या मधला मुहूर्त घेतला तर भाव करायला जागा मिळते. आम्ही गुरुवार घेतला. चातुर्मासात नेहमीचे मुहूर्त नसतात, पण काढीव मुहूर्त मिळतात. तुमच्या घरी चालत असेल तर गुरुजींना तसं स्पष्ट विचारा. फक्त पावसाळ्यात उघड्या अंगणाचा नाद करू नका.

४. जागा

कार्यालय घेणार असाल तर पुढचे प्रश्न वहीत लिहून न्या आणि उत्तरं तिथल्या तिथे पावतीवर लिहून घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ वर विश्वास ठेवला म्हणून आमचे ६२ हजार गेले.

- भाडं किती तासांचं? हळदीची आदली रात्र त्यात येते का?
- १८ टक्के जीएसटी यात धरलाय की वरून?
- वीज मीटरवर असेल तर युनिटचा दर काय? आत जाताना आणि निघताना मीटरचा फोटो काढू द्याल का?
- जनरेटर, साफसफाई, भांडी, गाद्या यांचे पैसे वेगळे का?
- आचारी, मांडववाला, फोटोवाला बाहेरचा चालतो का? चालत असेल तर त्याची रॉयल्टी किती?
- तारीख रद्द झाली तर अनामत आणि आगाऊ रकमेतलं किती परत मिळणार?
- गाणी वाजवण्यासाठी परवान्याचे पैसे मागणार का?

शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये विवाहाची वरात आणि विवाहाशी संबंधित समारंभांत ध्वनिमुद्रित गाणी वाजवायला सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून तेच पुन्हा सांगितलं. तरी काही जागी पैसे मागितले जातात. आगाऊ रक्कम देण्याआधी हा विषय काढला तर सुटतो, लग्नाच्या दिवशी नाही. आणि रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद, हे घरच्या मांडवालाही लागू आहे. परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात आधीच द्या.

घरच्या अंगणात लग्न स्वस्त पडतं, पण वाटतं तेवढं नाही. जागा फुकट असली तरी मांडव, खुर्च्या आणि लाईटला आमचे ५८ हजार गेले. जे सुचत नाही ते म्हणजे पाणी आणि संडास. २१० माणसांना वाड्यातले दोन संडास कसे पुरणार? आम्ही शेजारच्या दोन घरांना विनंती केली, एक फिरतं शौचालय भाड्याने आणलं, आणि टँकरचा दिवस आधीच ठरवला. या तिन्हीला मिळून १२ हजार लागले आणि ते आम्हाला कुठेच खुपले नाहीत. वयस्कर माणसांसाठी निदान एक कमोडचा संडास बघून ठेवा. माझ्या आजीच्या गुडघ्यांनी हे आम्हाला शिकवलं.

५. जेवण

दोन पद्धती आहेत. ताटावर दर ठरवून केटरर, किंवा मजुरीवर आचारी आणि किराणा आपला. दुसरी स्वस्त, पण घरात एक खमकं माणूस पाहिजे, जे आचाऱ्याची यादी घेऊन बाजारात जाईल, कोठीची किल्ली कमरेला ठेवेल आणि उरलेलं तेल-तूप मोजून परत घेईल. आमच्याकडे मामी होती. तुमच्याकडे असं कुणी नसेल तर केटररच बरा, त्यात कमीपणा नाही.

केटररशी बोलताना तीन गोष्टी लिहून घ्या. किमान ताटं किती धरणार, ताटं मोजणार कोण आणि कशी, आणि वाढपी दरात आहेत की वेगळे. किमान आकडा यादीपेक्षा कमी सांगा आणि वर लागतील तशी मोजायची ठरवा. मोजायला घरातलं माणूस बसवा. मजुरीच्या पद्धतीत गॅस कार्यासाठी म्हणून व्यावसायिक सिलिंडरच घ्या, घरगुती टाकी अशा कामाला वापरता येत नाही.

पदार्थ कमी करा, चांगले करा. मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, पुरी, वरणभात, जिलेबी, मठ्ठा. एकच गोड. चाट, पास्ता, आइस्क्रीमचे स्टॉल आम्ही घेतले नाहीत आणि कुणी त्यांची आठवणही काढली नाही. पण जिलेबी समोर कढईतून काढून गरम वाढायची, एवढं मी आचाऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं. लोक अजून त्या जिलेबीबद्दल बोलतात.

पंगतीत अन्न कमी वाया जातं, पण वेळ जास्त लागतो. दोनशे माणसांच्या दोन पंगती धरा आणि दुसऱ्या पंगतीच्या लोकांसाठी सरबत आणि बसायला सावली ठेवा.

६. लग्न आपलं कशाने होतं

इथे पैसे कमी लागतात, वेळ खूप. निदान तीन महिने आधी सुरू करा.

*मंगलाष्टका.* नेहमीच्या मंगलाष्टका शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा, आणि शेवटची सात ‘कुर्यात् सदा मंगलम्’च्या चालीवर. गुरू अक्षर ‘गा’ आणि लघू ‘ल’ धरलं तर पूर्ण ओळ अशी: गागागा ललगा लगाल ललगा, गागाल गागाल गा. हे एकदा तोंडात बसलं की घरातलं कुणीही लिहू शकतं. आमच्यासाठी माझ्या आत्याने लिहिल्या, वयाच्या ६८ व्या वर्षी, शाळेच्या जुन्या वहीत, पेन्सिलने. प्रत्येक ओळीवर बोटं मोजत बसायची. आजीसाठी तिची ओळ होती: ‘आजीच्या पदरातले सुख तसे लाभो तुम्हां या घरी’. सातारी वळणाच्या आवाजात तिने ती म्हटली तेव्हा अंतरपाटाच्या पलीकडून मला नवऱ्याचं हुंदका आवरणं ऐकू आलं.

लिहिणाऱ्यांसाठी दोन सूचना. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर सहसा गुरू होतं, पण ‘तुम्हां’सारख्या शब्दात ‘तु’ लघूच राहतो, तेव्हा म्हणून बघितल्याशिवाय ओळ पक्की करू नका. आणि पाचाच्या वर मंगलाष्टका नकोत, लोक हातात अक्षता घेऊन उभे असतात. गुरुजींना आधी वाचायला द्या. आमच्या गुरुजींनी एक वृत्तदोष प्रेमाने दुरुस्त करून दिला.

*पत्रिका.* आम्ही पोस्टकार्डं लिहिली. तेव्हा हाताने लिहिलेलं पोस्टकार्ड ५० पैशांत जायचं. त्यावर मजकूर छापला तर ते छापील कार्ड ठरून दर ६ रुपये व्हायचा, हे आम्हाला पोस्टातल्या बाईंनी वेळेवर सांगितलं. नवऱ्याचं आणि माझं मिळून ९० कार्डं, प्रत्येकावर त्या माणसापुरती एक ओळ. ‘दादा, तुम्ही मला सायकल शिकवलीत, अक्षता टाकायला पहिल्या रांगेत या.’ एवढी कार्डं पोस्टात एकदम मिळत नाहीत, आधी सांगून ठेवा, आणि महिनाभर आधी टाका. बाकीच्यांना व्हॉट्सअॅपवर पत्रिका. छापील पत्रिका मात्र थोड्या कराच. कुलदैवतापुढे ठेवायला लागते आणि पुढे नोंदणीलाही.

*रुखवत.* विकत मिळणाऱ्या थर्माकोलच्या सजावटीवर खर्च करण्यापेक्षा दोन्ही घरांतल्या बायकांना एकेक वस्तू आणायला सांगा, जिच्यामागे गोष्ट आहे. टेबलावर सासूबाईंच्या आईचा अडकित्ता होता, माझ्या आजीचं जातं होतं, आई-बाबांच्या लग्नाची पिवळी पडलेली पत्रिका होती, आणि प्रत्येकापुढे चार ओळींची चिठ्ठी. माणसं जेवणाआधी तिथे रेंगाळली, आणि दुसऱ्या पंगतीला थांबणं सोपं झालं.

*विधी.* गुरुजींकडून प्रत्येक विधीचा अर्थ दोन वाक्यांत मराठीत सांगून घ्या. कोणता विधी तुम्हाला पटत नाही हेही त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. आम्ही कन्यादानाऐवजी दोन्हीकडच्या आई-वडिलांनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले. पूर्ण वेगळी वाट हवी असेल तर आपल्या मातीत ती आधीपासून आहे. जोतीराव फुल्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीवाचून पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. त्यांनी रचलेल्या मंगलाष्टकांत वधू-वर एकमेकांना विचारतात आणि वचन देतात. साधेपणाने लग्न करायचं म्हणून घरात वाद होत असेल, तर हा दीडशे वर्षांचा दाखला आजोबांना जरूर सांगा.

हळद मामाच्या शेतातली, झेंडू शेजारच्या मळ्यातला, तोरणं आदल्या रात्री भाचरांनी ओवलेली. अक्षतांचा तांदूळ पायदळी जाऊ नये म्हणून मूठभर तांदळात झेंडूच्या पाकळ्या जास्त मिसळल्या.

७. कपडे आणि फोटो

आईची पैठणी आणि नवा ब्लाऊज. नवऱ्याने धोतर-सदरा शिवला, पुढे दिवाळीत घालता येईल असा. शेरवानी हवीच असेल तर भाड्याने घ्या.

फोटोवाला एक दिवसाचा, ४० हजार, अल्बम नाही. लग्नाआधीचं शूटिंग, ड्रोन, पडद्यावरचं थेट चित्रण, तिन्ही सोडलं. पण एक करा: हवे असलेल्या फोटोंची नावानिशी यादी द्या आणि सोबत घरातला एक माणूस द्या जो चेहरे ओळखतो. ताईच्या अल्बममध्ये फुलांचे तीस फोटो आहेत आणि आजोबांचा एकही नाही. त्यानंतर ते वर्षभरात गेले.

८. कायद्याने लग्न पक्कं करणं

वेगळ्या पद्धतीने लग्न करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे दोघांपैकी एकाच्या परंपरेतले विधी व्हावे लागतात. नुसतं नोंदणी प्रमाणपत्र असून विधी झालेच नसतील तर ते लग्न वैध ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं. त्यामुळे विधी गाळून फक्त हार घालायचे आणि भाषणं करायची असतील, तर लग्न विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लावा आणि घरचा सोहळा त्याला जोडून करा.

विशेष विवाहासाठी: दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस वास्तव्य, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, मग ३० दिवस थांबणं, आणि नोटिशीपासून ३ महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसमोर लग्न. हे ३ महिने उलटले तर नोटीस पुन्हा द्यावी लागते. म्हणून मांडवाच्या तारखेवरून मागे मोजत नोटिशीचा दिवस ठरवा.

आमच्यासारखं विधिवत लग्न असेल तर महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेच्या कार्यालयात ९० दिवसांच्या आत नोंदणी करा. अर्ज ‘नमुना ड’मध्ये, प्रमाणपत्र ‘नमुना ई’मध्ये मिळतं. उशीर झाला तर दंड आणि जास्त खेपा. साधारण ही कागदपत्रं लागतात, तरी आधी एकदा कार्यालयात जाऊन त्यांची यादी बघा:

- दोघांचा वयाचा पुरावा: शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला
- दोघांचा राहण्याचा पुरावा आणि आधार
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- छापील लग्नपत्रिका
- लग्न लागतानाचा एक फोटो, दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतील असा
- तीन साक्षीदार, त्यांचे ओळखपत्र व फोटो
- लग्न लावणाऱ्या गुरुजींची माहिती आणि अर्जावर सही

गुरुजींची सही लग्नाच्या दिवशी दक्षिणा देतानाच घ्या, अर्ज आधी डाऊनलोड करून ठेवा. आम्ही विसरलो आणि त्या एका सहीसाठी पुण्याहून वाईला परत जावं लागलं. पासपोर्टवर जोडीदाराचं नाव घालताना आणि पुढे बऱ्याच कामांत हे प्रमाणपत्र उपयोगी पडतं, म्हणून जास्तीच्या प्रती तेव्हाच मागून घ्या. नावांचं स्पेलिंग आधारशी अक्षर न् अक्षर जुळतंय का हे खिडकीपाशी उभं राहूनच तपासा.

९. शेवटचा आठवडा

देण्याघेण्याची पाकिटं आधी भरा. प्रत्येकावर नाव, ठरलेली रक्कम, दिलेली आगाऊ रक्कम आणि बाकी लिहा: आचारी, वाढपी, मांडववाला, गुरुजी, बसचा ड्रायव्हर, सफाई करणाऱ्या बायका. सगळी पाकिटं एका माणसाकडे द्या, जो नवरा-नवरी नाही आणि दोघांच्या आई-वडिलांपैकीही नाही. आमच्याकडे माझ्या धाकट्या काकाकडे ती होती. कुणी जास्तीचं मागायला आलं तर काका वही उघडून ठरलेला आकडा दाखवायचा, आणि बाबांपर्यंत दिवसभर एकही माणूस पैसे मागत गेला नाही. ताईच्या लग्नात वरातीच्या वेळी बाबा दमून बसले होते असं ती सांगते, माझ्या लग्नात मात्र ते दुसऱ्या पंगतीला जिलेबी वाढत होते.